आण्याहून येणारे गृहस्थ

जुन्नरच्या कथा-शिबिराला आणे गावाहून एक गृहस्थ दरवर्षी यायचे. कुणाच्याही कथेवर आधी "लई ग्वाड लिवलंय" म्हणायचे, मगच चूक सांगायचे. स्वतःची कथा कधी वाचत नसत. एका वर्षी मात्र त्यांनी कथा वाचली. मुलगी विहिरीत बुडाल्याचं कळूनही त्या कथेतला बाप कांद्याला पाणी देतच राहतो.

"शेवट पटत नाही," मी म्हणालो. "असा बाप असतो का?"

त्यांनी माझं वाक्य वहीत नीट उतरवून घेतलं.

चहाच्या वेळी जवळ येऊन हळूच म्हणाले, "मी तसाच वागलो व्हतो, भाऊ. पण तुमचं बी खरंय. मलाबी अजून पटत न्हाई."

मला माफीसुद्धा मागता आली नाही. पुढच्या वर्षी ते आले नाहीत.