लाल शाईतली एकपानी

ताजी बातमी आधी सांगते: एकपानी जिवंत आहे. दरेकसाच्या जंगलात, नाल्याकाठी, बांबूच्या बेटाखाली. या बातमीला दुजोरा दिलाय सुकवारोबाईंनी. त्या तेंदूपत्ता तोडतात, मोहफुलं वेचतात, आणि गोंदियाच्या वनस्पती संशोधन मंडळाच्या सभासद नाहीत. सगळी अडचण या शेवटच्या गोष्टीत आहे.

सहलीची सुरुवात एका फोनने झाली. रहांगडाले सर अकरावीला आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मी त्या शास्त्राचं पुढे काहीच केलं नाही, हे त्यांनी मला कधीचं माफ केलंय. आता ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. म्हणाले, "बुधवारी दरेकसाला चाललोय. माझ्या एका झाडाचं मयत आहे. येतेस का?"

अशा आमंत्रणाला नाही म्हणता येत नाही. मंगळवारी सकाळी नागपूरहून गाडीत बसले. श्रावण होता, धानाची रोवणी उरकली होती, आणि खिडकीबाहेर दोन-अडीच तास फक्त हिरवं. गोंदियाला स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले, वीस रुपये प्लेट. "तर्री ज्यादा?" असं विचारतात तेव्हा विचार करून उत्तर द्या. मी केला नाही.

मंडळाची खोली एका राइस मिलच्या गोदामावर आहे. मंडळाचं पूर्ण नाव पावतीपुस्तकावर दोन ओळींत बसतं. सभासद मात्र एका सतरंजीवर बसतात. चार शिक्षक (त्यांत सर), एक होमिओपॅथी डॉक्टर आणि एक रेल्वेतला कारकून यांनी ते स्थापन केलं. कारकुनाला वनस्पतींची विशेष आवड नव्हती, पण त्याच्याकडे पास होता आणि कुठली पॅसेंजर कुठे रेंगाळते हे त्याला पाठ होतं. जिल्ह्यातल्या गवतांची यादी आगगाडीच्या रुळांलगत फारच तपशीलवार आहे, त्याचं कारण हेच.

काम सोपं आहे. जंगलात जायचं, झाड मुळासकट काढायचं, वर्तमानपत्रात दाबायचं, वाळवायचं, जाड कागदावर चिकटवून कपाटात ठेवायचं. पावसाळ्यात काही वाळत नाही, म्हणून मिलच्या मालकाने बॉयलरजवळची जागा दिली. जिल्ह्याची सगळी वनसंपदा उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाच्या उबेवर वाळलेली आहे. कुठलंही कपाट उघडा, भूक लागते.

भिंतीवर मंडळाचा पहिला नियम रंगवलेला आहे: "जे दाबलं नाही, ते दिसलं नाही." तुम्ही वाघ पाहिलात तरी मंडळाच्या लेखी तो दाबून आणलेला असला पाहिजे.

दुसरा नियम रजिस्टरमध्ये आहे. वीस वर्षं एखाद्या वनस्पतीचा नमुना कोणी आणला नाही, तर तिचं नाव लाल शाईने पुन्हा लिहायचं, आणि शेजारी शेवटचा नमुना कोणी काढला त्याचं नाव. तेही लाल शाईने. त्याआधी त्या माणसाने सचिवांबरोबर त्या जागी एकदा जाऊन यायचं. यालाच सर मयत म्हणत होते.

सध्याच्या सचिव बिसेन मॅडम कॉलेजात शिकवतात आणि नियमांच्या पक्क्या आहेत. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे धरलं. एकपानी. जमिनीतल्या गड्ड्यातून पावसाच्या तोंडावर आधी फक्त फूल येतं, ते दोन-तीन दिवसांत सुकतं, मग एकच पान उगवतं. फूल आणि पान कधी एकमेकांना भेटत नाहीत. आणि शेवटचा नमुना: रहांगडाले.

"मीच उपटली शेवटची," सर म्हणाले. "दरवर्षी एक-एक काढायचो. कधी नमुना खराब व्हायचा, कधी कोणाला फूल पाहिजे, कोणाला गड्डा. एका वर्षी तिथली बाई म्हणाली, गुरुजी, सरलं आता. तेव्हा हातातल्या पिशवीत एक होतीच."

"सर, ये सबके साथ होता है," मॅडम म्हणाल्या.

"सबके साथ लाल शाई नाही होत."

संध्याकाळी नागऱ्याला गेलो, ऑटोने. जुनं शंकराचं देऊळ आहे, शांत आहे, जरूर जा. मंडळाचा नमुना क्रमांक एक इथल्या पायरीच्या फटीतली भुईआवळी आहे. परतीची बस येईना म्हणून संस्थापकांपैकी तिघांनी बसल्या-बसल्या विज्ञानाला सुरुवात केली होती. त्या फटीत आजही भुईआवळी आहे. सर वाकून तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हिला आम्ही हजारदा उपटली असेल. हिचं काही बिघडत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळची लोकल. दरेकसाला थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी विचारून ठेवा, नाहीतर छत्तीसगडमध्ये जेवाल. तिकीट चहापेक्षा जरा महाग. मॅडमनी सगळा सरंजाम घेतला होता: पट्ट्यांनी आवळलेल्या दोन लाकडी जाळ्या, मध्ये वर्तमानपत्रांची चळत, आणि मुठीला लाल पट्टा ओढलेली मंडळाची खुरपी. समोरच्या काकूंनी विचारलं, "बच्चे की खाट है क्या?"

"पौधे दबाने का है," मॅडम म्हणाल्या.

काकूंनी जाळीकडे पाहिलं, मग सरांकडे. "उन्होंने क्या बिगाड़ा है?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

दरेकसाला हॉटेल नाही. पाणी आणि डबा सोबत घ्या, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आणि जंगलात गावातल्या माणसाशिवाय शिरू नका. आमचा माणूस म्हणजे सुकवारोबाई. तीसेक वर्षांपूर्वी एकपानी मंडळाला दाखवली ती त्यांनीच, आणि सरलं असं सांगितलं तेही त्यांनीच. साठीच्या असाव्यात. अंगणात मिरचीची रोपं लावत होत्या, काडीने माती उकरून.

"गुरुजी, मातारे झाले जी तुमी," त्या म्हणाल्या.

"तू काय पोरगी राहिलीस?"

"मले कोनी पाहायले येत नाई. तुमी काऊन आले?"

मॅडमनी सांगितलं. वीस वर्षं, रजिस्टर, जागेवर जाऊन यायचा नियम. मग लाल नोंदीचा अर्ज उघडून वाचायला लागल्या. शेवटचा नमुना काढणाऱ्याचं नाव या ओळीवर सुकवारोबाईंनी हात वर केला.

"गुरुजीचं नाव कायले?"

"शेवटचं झाड त्यांनी काढलं म्हणून."

"आनि ते लाल लिवून ठेवता?"

"कायमचं," सर म्हणाले. "बरोबर आहे ते. मीच काढलं." आणि पायातल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधायला लागले. ती सुटलेली नव्हती.

सुकवारोबाईंनी त्या नाडीकडे पाहिलं. मग उठून हात धुतले. "चला. पन ते जाळीबिळी इथंच ठेवा. पिसव्या बी. खुरपी मले द्या."

"खुरपी मंडळाची आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग मंडळाले इथंच बसू द्या."

खुरपी दिली.

अर्धा तास चाललो. साग, मोह, मग बांबू दाट होत गेला. दूर बोगद्यापाशी मालगाडीने शिटी दिली. नाला ओलांडून त्या एका बेटाशी थांबल्या आणि वाळल्या पानांचा थर हाताने जरासा सारला. खाली एक पान होतं, बदामासारखं, तळहाताएवढं, जमिनीला जवळजवळ टेकलेलं. त्याच्या पलीकडे दुसरं. मी तीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

सर खाली बसले, हळूहळू, एक हात बांबूला धरून.

"तू म्हणालीस सरलं," शेवटी ते म्हणाले.

"म्हनली."

"खोटं बोललीस?"

"मंग काय करू? दरसाली येऊन राहिले तुमी, येक नेऊन राहिले. त्या खालच्या नाल्याचे सारे नेले. मी म्हनली, हे बी दावली तं हे बी जातील. सरलं म्हनली का तुमी आलेच नाई." मग जरा थांबून म्हणाल्या, "पन तुमचं नाव लाल लिवतील हे कोनं सांगतलं मले? तुमी ते मनाले लावून घेऊन बसले असान हे बी नाई मालूम."

"वीस वर्षं," सर म्हणाले.

"तं येकदा इचारायले यायचं होतं ना. बिनाखुरपीचं."

सर हसायला लागले. आधी आवाज नव्हता, मग इतके हसले की डोळे पुसावे लागले, आणि ते बराच वेळ पुसत राहिले.

बिसेन मॅडम मात्र सचिव होत्या. "एक पान. एकच मिळालं तरी चालेल," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतर मी रजिस्टरमध्ये काय लिहू? जे दाबलं नाही..."

"येक-येक करूनच सरलं होतं, बाई."

"आणि नुसत्या पानावरून जात पक्की होत नाही," सरांनी भर घातली. "फूल लागतं. तुझाच नियम." बिसेन मॅडम त्यांच्याच विद्यार्थिनी. त्या फोन काढून फोटो घेऊ लागल्या. मंडळाच्या नियमांत फोटो बसत नाही.

परत आल्यावर सुकवारोबाईंनी जेवायला वाढलं. भात, वरण आणि वास्त्यांची, म्हणजे कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी. वनस्पतींबद्दल एवढा आदर जेवताना कोणालाच आठवला नाही. मी दोनदा घेतली. निघताना मॅडमनी खुरपी मागितली. सुकवारोबाई तिनेच मिरची लावत बसल्या होत्या.

"राहू द्या. तुमाले आता कायले लागते?"

घरी येऊन आठवडा झाला. बुटांत दरेकसाची माती आहे, ती मी झटकलेली नाही, पण ते भावनेपेक्षा आळसाने. आठवतं ते सरांचं खाली बसणं. ज्या गुन्ह्याची शिक्षा माणूस इतकी वर्षं मनात भोगतो, तो अर्धाच घडला होता, हे कळायला त्यांना तासाभराच्या लोकलचाच प्रवास होता. खालच्या नाल्याचा अर्धा मात्र खरा आहे. तो सर सोडत नाहीत.

मंडळाची सभा झाली. दोन तास. लाल शाई वापरायची नाही यावर एकमत, पण काय वापरायचं यावर नाही. नमुना नाही, फूल नाही, आणि फूल पाहिलेली एकमेव साक्षीदार सभासद नाही. सुकवारोबाईंना सभासद करून घ्यावं असं डॉक्टरांच्या मुलाने सुचवलं. मॅडमनी फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "सभासद होऊन मले काय उपटायचं हाय?" शेवटी रजिस्टरमध्ये पहिल्यांदाच पेन्सिलने नोंद झाली: एकपानी, दिसली.

पक्की नोंद आता फुलावर आहे. फूल पुढच्या मृगात येईल, दोन-तीन दिवस टिकेल, आणि त्या दिवशी सुकवारोबाई मुलीच्या फोनवरून सरांना एक मिस कॉल देणार आहेत. एकच. सरांनी आयुष्यात कधी मोबाइल जवळ बाळगला नाही. आता शर्टाच्या खिशात ठेवतात, झोपतानाही. बरोबर फक्त डोळे आणायचे, असं ठरलंय. खुरपी तिथे आहेच, आणि ती परत मिळेल अशी कोणाचीच अपेक्षा नाही.