परांची उतरल्यावरचं ग्रीटिंग

माफ करा, फार उशिरा लिहितोय.

दत्तू पेंटर तापाने गेला की पडून गेला, हे मला अजून नक्की माहीत नाही.

आज त्याचा स्मृतिदिन. माझं शिक्षण सातवीपर्यंत, टायपिंग एका बोटाने. चुकलं तर सांभाळून घ्या.

नाशिकच्या द्वारका चौकाजवळ माझं सायकलचं दुकान होतं, शेजारी त्याचं बोर्ड रंगवायचं. नव्वदच्या सुमारास त्या रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या त्याच्याच हातच्या. खाली कोपऱ्यात बारीक सही, ‘दत्तू पेंटर, नाशिक’.

मग फ्लेक्स आले आणि त्याचं काम बसलं.

एका ठेकेदाराने त्याला दिल्लीला नेलं. राष्ट्रपतींच्या घराची दुरुस्ती. जुना रंग हलकेच खरवडून खालचा मूळ रंग शोधायचा आणि तसाच परत द्यायचा.

नाशिक रोड स्टेशनवर मी त्याला म्हटलं, “घुमट केवढा आहे त्या घराचा. परांचीवर चढशील आणि पडशील.”

परांची म्हणजे बांबूंचा तो उंच सांगाडा. मी साध्या शिडीवरही चढत नाही.

“मला आतल्या खोल्या दिल्यात रे. बसून काम.”

“शपथ घे.”

“कुणाची घेऊ? तुझी घेतो. खोटी निघाली तर तूच जाशील.”

गाडी हलली तरी हसत होता.

दिवाळीत यायला जमायचं नाही, म्हणून ग्रीटिंग पाठवायचा. विकतचं नाही. जाड कागद दुमडून त्यावर स्वतः रंगवलेलं. ओळखीच्या सगळ्यांना, प्रत्येकाला वेगळं चित्र.

मला एकदा बागेतला मोर आला. एकदा स्वयंपाकघरातली तांब्याची भांडी. एकदा व्हरांड्यात झोपलेलं मांजर.

मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचो. दत्तूला आरामाचं काम आहे म्हणून.

मग एका दिवाळीत मला काहीच आलं नाही. दिवाळी झाली आणि तो गेल्याचा फोन आला. दिल्लीलाच सगळं उरकलं. मी त्याला शेवटचं पाहिलं नाही.

त्याची मुलगी लता म्हणाली, “काका, ताप होता. मी शेवटपर्यंत जवळ होते.”

मी मान्य केलं. इतकी वर्षं मान्यच केलं होतं.

गेल्या महिन्यात लताने सगळ्यांना आपापली ग्रीटिंग घेऊन घरी बोलावलं. सगळ्यांचे एकत्र फोटो काढायचे होते. टेबलावर मांडली.

बाळू हॉटेलवाल्याचं बघितलं. घुमट, घुमटाला परांची, आणि पार वर बादली घेऊन एक माणूस. मुंगीएवढा.

“हा कोण?”

बाळू म्हणाला, “दत्तूच की. लय उंच चढायचा.”

दुसऱ्याचं बघितलं. परांची. तिसऱ्याचं, परांची. जमिनीवरची चित्रं फक्त माझी.

“तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं?”

सगळे आपापली कार्डं उचलायला लागले. शेवटी माझी बायको म्हणाली, “मलाही माहीत होतं. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही दिल्लीला जाऊन शिडी धरून उभे राहिला असता.”

राहिलो असतो. त्यात काय चुकीचं आहे?

पण तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. हिचं ऑपरेशन मला झाल्यावर कळलं. मुलाचा अपघात प्लास्टर निघाल्यावर. मला त्रास नको म्हणून सगळे खोटं बोलतात. मग ताप तरी खरा कशावरून?

लताला विचारलं. बिचारी रडली. म्हणाली, “काम संपलं होतं काका. परांची उतरल्यावर बाबांनी एक चित्र काढलं होतं. मोकळा घुमट, आणि खाली हिरवळीवर ते स्वतः बसलेले. आजारी पडायच्या आधी पोस्टात टाकलं म्हणाले. कुणाला, ते विचारायचं राहिलं.”

मला वाटतं ते माझंच होतं. खाली बसलेलं चित्र तो आणखी कुणाला पाठवणार?

तो गेला त्याच वर्षी आम्ही द्वारकेजवळची चाळीतली खोली सोडून इंदिरानगरला आलो. नवा पत्ता मी त्याला फोनवर सांगितला होता, पण त्याने लिहून घेतला नसावा. जुन्या खोलीत आता कोण राहतं, तेही धड कळत नाही. दोनदा जाऊन आलो, कुलूप होतं.

म्हणून ही पोस्ट. आमच्यानंतर त्या चाळीत जे राहिले, पोस्टमनकडून ज्यांनी आमचं टपाल घेतलं, त्यांनी एकदा ट्रंक, पोटमाळा, दिवाळीच्या सामानाचा खोका बघा. कार्ड तुमच्याकडेच ठेवा. मला फोटो पुरे. तो खाली उतरला होता एवढं दिसलं की माझं काम झालं.

सापडलं नाही तर तसंही सांगा. पण मला बरं वाटावं म्हणून कुणाकडून नवीन रंगवून पाठवू नका. त्याचा हात मी ओळखतो.

दत्तू, तुला माझा मनापासून नमस्कार.

बाकीच्यांनी लवकर कळवा. हात जोडून सांगतो.