आबांसाठी केलेला दिवा

वायरमनला कुणी विचारलं, तुझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर तो लगेच विषय बदलतो. मासळीच्या धक्क्यावरच्या पोराटोरांनाही उत्तर ठाऊक आहे. पाण्यात सोडायचे हिरवे दिवे इथे पहिल्यांदा त्यानेच केले. शिक्षण बेताचं, दुकान म्हणजे एक शटर आणि एक टेबल, पण डोकं असं की बंद पडलेल्या पंख्याने त्याला बघूनच निमूट फिरायला लागावं. त्या डोक्याचाच त्याला आज राग येतो.

त्याचे वडील आबा मासेमारीच्या होडीवर होते, पण जाळं ओढायला नाही. आबा ऐकायचे. अंधारात इंजिन बंद करायचं, वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि दांड्याच्या वरच्या टोकाला कान लावायचा. खाली मासळीचा थवा असला की लाकडातून बारीक करकर ऐकू येते म्हणे. "इथे नाही, अजून पुढे," असं आबा म्हणाले की मालक मुकाट्याने होडी पुढे घ्यायचा. पन्नास वर्षं हे चाललं. भल्याभल्यांनी वल्ह्याला कान लावून बघितला, त्यांचा फक्त कान ओला झाला.

मग आई गेली, आबांची सत्तरी उलटली आणि वायरमनच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरी हाक मारली तर आबा वळून बघेनात. "आबा, चहा," असं तिसऱ्यांदा म्हणावं तेव्हा मान हलायची. दाराची बेल वाजून वाजून थकायची आणि आबा दाराशेजारच्या खुर्चीत ढिम्म. वायरमनने ठरवूनच टाकलं, कान गेले. उद्या मालकाला कळलं की तो म्हाताऱ्याला घरी बसवणार, आणि होडीवरची ती जागा गेली की आबा चार महिनेही काढायचे नाहीत. ज्याचं सगळं आयुष्य कानावर उभं, त्याला "तुम्हाला ऐकू येत नाही का" असं कुठल्या तोंडाने विचारायचं? बायको म्हणाली, "डॉक्टरकडे तरी न्या." त्यावर तो तिच्यावरच खेकसला.

विचारण्यापेक्षा त्याला वायर जोडणं सोपं वाटलं. पाण्यात उजेड दिसला की बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे मासळी येते, एवढं त्याला माहीत होतं. म्हणजे ऐकायची गरजच नाही. त्याने हिरव्या एलईडीची पट्टी एका नळीभोवती गुंडाळली, बायकोची साखरेची बरणी पळवली, झाकणाला भोक पाडून वायर बाहेर काढली, बुडाशी शिशाचा गोळा लावला आणि बारा व्होल्टची बॅटरी जोडली. पहिली बरणी मोरीतल्या पिंपात तासाभरात पाणी प्यायली. दुसरीत त्याने वाळून घट्ट होणारं रेझिन ओतलं, तर त्यात बुडबुडा राहिला, तिथून पाणी शिरलं आणि सोल्डर केलेले सांधे गंजले. तिसऱ्या वेळी त्याने रेझिनची बाटली गरम पाण्यात ठेवली, रेझिन पातळ करून थेंबाथेंबाने ओतलं, आणि वायर आत शिरते तिथे तापवली की आवळून बसणारी नळी चढवली. तीन दिवस तो दिवा पिंपात जळत राहिला. बायको बिचारी हिरव्या उजेडात अंघोळ करत होती.

दिवा आबांच्या हातात देताना तो म्हणाला, "गंमत म्हणून केलाय. चालवून बघा." आबांनी बरणी उलटीसुलटी करून पाहिली, "सुबक झालाय," म्हणाले आणि घेऊन गेले. त्या रात्री होडी भरून आली. आबांची जागा वाचली म्हणून वायरमन सुखावला.

वाचली कसली! आठवड्याभरात शेजारच्या होडीचा मालक तसाच दिवा मागायला दुकानात हजर. इथे त्याने नाही म्हणायला हवं होतं. पण त्या मालकाने पाठ थोपटली, "काय डोकं आहे तुझं!" म्हणाला, आणि जन्मात ज्याचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं तो माणूस विरघळला. दुसरा दिवा झाला, मग दहावा, मग त्याने मोजणं सोडलं. पुढे सगळ्यांनी त्याच्या बरण्या बाजूला टाकून बाजारातले हातभर लांब दिवे आणले आणि त्यांच्यासाठी जनरेटर बसवले. एका संध्याकाळी आबांचा मालक म्हणाला, "आबा, आता कशाला दगदग करता? आराम करा." आबा घरी आले. ना तक्रार, ना चिडचिड. ते चिडले असते तर वायरमनला बरं वाटलं असतं.

त्याने त्यांना दुकानात आणून बसवलं. दोन महिने ते कोपऱ्यातल्या स्टुलावर गप्प होते. परवा दुपारी तो पाठमोरा बसून मिक्सर खोलत होता, बाहेर ट्रकची घरघर चालली होती, आणि आबा म्हणाले, "वरच्या फळीवरचा तो चार्जर बघ. आवाज बदललाय त्याचा. जळेल."

त्याने चार्जर उतरवला तर हाताला चटका बसला. त्याला स्वतःला काहीही ऐकू आलं नव्हतं. तो वळला आणि अगदी हळू म्हणाला, "आबा, तुम्हाला ऐकू येतं?"

"न यायला काय झालं?"

"मग घरी हाक मारली की ओ का देत नव्हतात?"

"अरे, रात्रभर वल्ह्याला कान लावून बसायचो. घरी आलो की काही ऐकायचंच नाही, असं माझं ठरलेलं. तुझ्या आईला ठाऊक होतं. ती हाक मारायचीच नाही, समोर येऊन उभी राहायची." आबा हसले. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. "का रे?"

वायरमनने सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडू आवरलं नाही.

आबांनी स्टूल त्याच्याजवळ ओढलं. "मला वाटलं, तुला माझं काम जुनाट वाटतं, म्हणून केलास दिवा," ते म्हणाले. "विचारायचंस तरी रे."

"मी आत्ता जातो मालकाकडे. सांगतो, आबांना परत घ्या."

"नको. सगळीकडे जनरेटर धडधडतात आता. पाण्यात तेवढंच ऐकू येतं."

"तुम्हाला काय माहीत?"

"गेल्या महिन्यात तुझ्या आत्याकडे जातो म्हणून गेलो होतो ना दोन दिवस," आबा म्हणाले. "आत्याकडे नव्हतो. एकाची छोटी होडी मागून घेतली होती. दोन्ही रात्री कान लावून बसलो."