आधीच लिहिलेली भैरवी

धामणगाव बढ्याच्या महादेवराव शिंप्यांनी उभ्या जन्मात एकच गोष्ट खोटी लिहिली, आणि ती नेमकी पुंजाजीच्या मानगुटीवर बसली.

पुंजाजी संग्रामपूरकडचा. वांगी, मिरच्या, कांदा पिकवायचा आणि मोट हाकता हाकता गायचा. शिकला म्हणाल तर भजनी मंडळात बसून, ऐकून ऐकून. पण गळा असा, की शेजारच्या मळ्यातल्या बाया खुरपी खाली ठेवून ऐकत बसायच्या. दर चैत्रात धामणगावात मारुतीच्या देवळापुढे मांडव पडायचा आणि तीन दिवस, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत, गाण्याचा मेळा चालायचा. तिथं पुंजाजीला पहिल्यांदा बसवलं ते महादेवरावांनी.

महादेवराव स्वतः काही गाणारे नव्हते. इयत्ता सहावी, खिडकीशी शिवणयंत्र, कानावर पेन्सिल. मेळ्याचा वृत्तांत खामगावच्या एका साप्ताहिकात ते लिहायचे, आणि तो वृत्तांत म्हणजे काय सांगावं. गवयाला चार ओळी, बाकी सगळा गाव. मांडव कोणी बांधला, सतरंजी कोणाच्या बैलगाडीतून आली, पेटीची कोणती पट्टी अडकत होती, सुभद्राबाईंच्या पिठल्याला मीठ कसं बरोबर पडलं, सगळं यायचं. हाडाचा शिंपी, त्यामुळे कपड्यांवर नजर जायचीच. एकदा 'तबलजींच्या सदऱ्याची डावी बाही आखूड होती' असं छापून आलं, तर तबलजी आठवड्याभरात कापड घेऊन दुकानात हजर. कचरूच्या हॉटेलात पेपर मोठ्यानं वाचला जायचा, आणि ज्याचं नाव त्यात नसेल तो आखाजीच्या सणापर्यंत फुगून बसायचा. लोक म्हणत, मेळा दोनदा होते, एकदा मांडवात अन् एकदा पेपरात. दुसरा जास्त रंगते.

यात एक मेख होती. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या एस.टी.नं पाकीट खामगावला गेलं नाही, तर त्या आठवड्याच्या अंकात काही येत नसे. आणि तिसऱ्या दिवसाचं गाणं तर दुपारनंतर. मग महादेवराव त्या दिवसाचं सकाळीच लिहून टाकत. चालत्या माणसाचं नुसत्या नजरेनं माप घ्यावं तसं. बारा वर्षं हे माप कधी चुकलं नाही.

चौसष्ट साली चुकलं. त्या साली अमरावतीचे एक मोठे गवई येणार होते, आणि त्यांच्यानंतर शेवटची भैरवी पुंजाजीनं गायची, हे महादेवरावांनी मंडळाशी भांडून ठरवून घेतलं होतं. पुंजाजी निघाला. नांदुऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलायला उतरला, तर बाकड्यावर खुद्द गवई बसलेले. अंगावर शाल, दोन शिष्य, गवसणीतला तंबोरा, आणि एक शिष्य थर्मासमधलं कोमट पाणी वाटीत ओतून देतोय. पुंजाजीनं आपल्या हातांकडे पाहिलं. कांद्याचा वास मारत होते. धामणगावची गाडी लागली, गवई चढले, आणि हा पठ्ठ्या उलट्या गाडीनं घरी.

"गाडी चुकली," त्यानं बायकोला, रुखमाबाईला सांगितलं.

आठ दिवसांनी रुखमाबाई कोणाकडून तरी पेपर घेऊन आली. "तुमी त म्हने गाडी चुकली. इथं त तुमी गाऊन राह्यले."

त्यात छापलं होतं: 'अखेरीस पुंजाजीबुवांनी भैरवी आळविली. सभामंडप स्तब्ध झाला. कोणी जागचे हलले नाही. तिसऱ्या कडव्याला तर कचरू हॉटेलवाले यांनी पागोटे काढून डोळे पुसले.'

पुंजाजीला दरदरून घाम फुटला. आता धामणगावात काय शोभा झाली असेल!

शोभा झालीच नाही. महिना उलटल्यावर महादेवराव स्वतः त्याच्या मळ्यात आले, बांधावर बसले, आणि झालेला प्रकार सांगू लागले. पेपर आला त्या दिवशी हॉटेलात सगळे चिडीचूप झाले होते. कोणी तरी हळूच म्हणालं, पुंजाजी तर आलाच नव्हता. त्यावर कचरू भडकला. "लिवलं त लिवलं. महादेवराव खोटं लिवत नाईत. म्या सोता रडलो ना बे." बारा वर्षं ज्यानं गावातल्या एकेकाचं नाव छापून आणलं, त्याला खोटा पाडायला गावाची जीभ रेटेना. दुसरा म्हणाला, हाव, मलेही आठवते. आठवड्यात वीस साक्षीदार झाले. महादेवराव दुरुस्ती पाठवायला निघाले, तर कचरूनं पाकीटच धरून ठेवलं. "दुरुस्ती छापसान त माह्या रडन्याचं काय?"

हे सांगताना महादेवराव हसत होते, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं. "पुंजाजीभाऊ, मी रागावलो नाई. मानूस भेते कधी कधी. फक्त एवढं करा, लिवलेलं खरं करून द्या."

पुंजाजी "हाव" म्हणाला. आणि गेला नाही.

दर चैत्रात पोस्टकार्ड यायचं. एकच ओळ: 'शेवटची भैरवी तुमचीच ठेवली आहे.' पुंजाजी ते छपराच्या वळचणीला खोचून ठेवायचा. आधी त्याला अमरावतीच्या गवयाची भीती होती, आता त्या पेपरातल्या भैरवीची वाटू लागली. गवयाशी एक वेळ बरोबरी करता येईल. जी आपण गायलोच नाही तिच्याशी कशी करावी? तीन वर्षं अशीच गेली.

अडुसष्टच्या माघात कार्ड आलं ते सत्यभामाबाईंचं, महादेवरावांच्या बायकोचं. अक्षर शेजाऱ्याचं होतं. महादेवराव यंत्रावर बसल्या बसल्या गेले. यंदाचा मेळा त्यांच्या नावानं आहे, यावं. पुंजाजीनं वळचणीतली तिन्ही कार्डं काढली, आणि मोटेवर डोकं टेकून ढसाढसा रडला. जिता होता तोवर माणसाचं एवढंसं मागणं आपल्याच्यानं पुरं झालं नाही, हे त्याला खाऊ लागलं.

चैत्रात नांदुऱ्याला तो बाकड्याकडे फिरकलाच नाही. गाडी लागेपर्यंत स्टँडच्या दाराजवळ उभा राहिला. धामणगावात मांडवाच्या ज्या खांबाला टेकून महादेवराव लिहायचे, तिथं कोणी बसलं नव्हतं. सत्यभामाबाई बायांच्या घोळक्यातून उठून आल्या.

"भाऊजी, त्यायचं एवढंच एक लिवलेलं खोटं राह्यलं. शेवटी शेवटी लय बोलत हे."

"वैनी, आज गातो," पुंजाजी म्हणाला.

दिवेलागणीला तो बसला. सूर लागला. दुसऱ्या कडव्याला नजर त्या रिकाम्या खांबाकडे गेली आणि आवाज चिरकला, थांबलाच. पेटीवाला सूर धरून राहिला. कोणी जागचं हललं नाही. पुंजाजीनं तिथूनच पुन्हा उचललं. तिसऱ्या कडव्याला पाहतो तर पुढच्या रांगेत कचरूनं पागोटं काढलं होतं आणि डोळे पुसत होता. खरंच रडत होता, की लिहिलं होतं म्हणून पुसत होता, देव जाणे. गाणं संपलं. सत्यभामाबाईंनी लांबूनच हात जोडले.

या भैरवीचं लिहायला मात्र कोणी नव्हतं. बाराच्या गाडीनं खामगावला पाकीट गेलंच नव्हतं.

गाडीला वेळ होता म्हणून कचरूनं पुंजाजीला हॉटेलात नेलं. भिंतीवर खळीनं चिकटवलेलं ते चौसष्टचं कात्रण चहाच्या वाफेनं पिवळं पडलं होतं. कचरूनं कप पुढे ठेवला आणि समोर बसला.

"चांगलं झालं, बुवा," तो म्हणाला. "पन चौसष्ट सालासारखं नाई."

पुंजाजीनं त्याच्याकडे पाहिलं. कचरूचा चेहरा अगदी गंभीर होता. मग त्यानं कात्रणाकडे पाहिलं.

"हाव," पुंजाजी म्हणाला, "त्या साली जमलं होतं."