सुपावर थांबलेला हात

विमलबाई कुणाच्या लिखाणाला कधी पेन लावत नसत. सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसत आणि म्हणत, "वाच." वाक्य खोटं निघालं की त्यांचा हात थांबे.

बाळांनो, तुम्ही आता लिहू लागलात म्हणून सांगते. अहेरीच्या शाळेत त्या मराठी शिकवत आणि मी इंग्रजी. त्या कुरखेड्याकडच्या धान पिकवणाऱ्या घरातल्या, मी नागपूरहून नवी आलेली. स्नेहसंमेलनाचं भाषण मी त्यांना मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं. 'निसर्गरम्य वनराईच्या कुशीत वसलेली आपली शाळा...' हात थांबला.

"काय चुकलं, बाई?"

"मले काऊन इचारतं? लिवलं त तुनंच!" मग त्या हसल्या. "वनराई कुठी हाय वं? खिडकीतून मले त मोहाचं झाड दिसते, अन् त्याच्याखाली हेडमास्तरची सायकल."

मी मोह आणि सायकल लिहिली. पोरं पोट धरून हसली आणि पुढचं सगळं भाषण त्यांनी कान देऊन ऐकलं.

स्वतःचं लिखाणही त्या असंच सुपासमोर वाचत. अधेमधे थांबून पुटपुटत, "खडा हाय," आणि ओळ खोडून टाकत. पुढे पुढे मी लिहितानाच त्यांचा हात डोळ्यांसमोर आणू लागले.

गेल्या पावसाळ्यानंतर त्यांनी अंथरूण धरलं. एका दुपारी म्हणाल्या, "शोकसभेत तूच बोलशीन. आताच वाचून दाखव. मंग मले आयकू नाई येणार."

मी रागावले, रडले आणि शेवटी लिहून नेलं. सूप नव्हतं, पण चादरीवर त्यांची बोटं तांदूळ निवडल्यासारखी हलत होती. 'त्या सर्वांच्या माऊली होत्या.' बोटं थांबली. मी ओळ खोडली. 'रागावल्या की त्या आधी जेवायला वाढत, मग बोलत.' बोटं हलत राहिली, ओठही जरा हलले.

शेवटची ओळ होती, 'त्यांच्याशिवाय मला लिहिता येणार नाही.'

बोटं थांबली.

"हे खरं आहे, बाई!"

"नाई," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या. "येते तुले."

सभेत मी ती ओळ वाचली नाही.

हे तुम्हांला पाठवण्याआधी मी सूप घेऊन बसले आणि सगळं मोठ्यानं वाचलं. एका ओळीवर हात थांबला. ती ओळ तुम्हांला इथे दिसणार नाही.