शेठच्या सासूबाई डोंगर बघायला जातात

आमच्या शेठच्या सासूबाईंना आवडेल अशी एकही गोष्ट परमेश्वराने अजून निर्माण केलेली नाही, आणि परमेश्वराला जे जमलं नाही ते दुबईच्या बिल्डरांना जमेल असं आमच्या शेठना वाटलं, तिथेच सगळं फसलं. जगभरातून माणसं जी उंच इमारत बघायला येतात, तिच्या माथ्यावर जावयाने त्यांना हौसेने नेलं. काचेला नाकं लावून सगळे खाली बघत होते. सासूबाईंनीही बघितलं. "खालीच बघायचं हुतं तर वर कशाला आणलं? खालीच हुते की मी," एवढा अभिप्राय देऊन त्या परतीच्या लिफ्टच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मॉलमध्ये काचेच्या आड खोटा बर्फ पाडतात, तिथे नातू घेऊन गेला. भाड्याचा जाडजूड कोट चढवून आत गेलेल्या बाई थोड्याच वेळात बाहेर आल्या आणि भर रांगेत म्हणाल्या, "भाईर ऊन फुकट हाय म्हनून आत थंडी विकत्यात व्हय?" नातू लाजून म्हणाला, "आजी, प्लीज, डोन्ट एम्बॅरस मी." त्यांनी मला विचारलं, "काय म्हनतोय ह्यो?" मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, पण एवढं इंग्रजी पोटापुरतं कळतं. म्हटलं, "आजी, मजा आली म्हणतोय."

मी शेठच्या फरसाणच्या कारखान्यात आहे, दुबईतल्याच रास अल खोर भागात. चकलीचं पीठ मळण्यापासून गाडीत माल भरण्यापर्यंत सगळं. एजंटने मला वाऱ्यावर सोडलं होतं तेव्हा शेठनी व्हिसा दिला, म्हणून मी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. आणि शब्दाबाहेर नाही म्हणूनच सासूबाई व्हिजिटवर आल्यापासून मी चकलीतून उठून त्यांच्या दिमतीला गेलो. गाडीचं दार उघडायचं, सरकत्या जिन्यावर हात धरायचा, पाण्याची बाटली बाळगायची. बाटलीचं पाणी त्या प्यायच्या, पण पिण्याआधी उजेडात धरून बघायच्या. "कुठल्या आडाचं हाय?" असं विचारायच्या. आता समुद्राचं खारं पाणी गोडं करून हे बनवतात, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? मी म्हणायचो, "चांगल्या आडाचं आहे."

शेठच्या मिसेसना आम्ही सगळे ताई म्हणतो. ताईंना आईला कायमचं इथे ठेवून घ्यायचं होतं. आजी आटपाडीला एकट्या राहतात, मागच्या वर्षी मोरीत घसरून पडल्या, आणि शेजारणीचा फोन आल्यापासून ताईंच्या झोपेचं खोबरं झालं. व्हिसाचे कागद शेठनी तयारच ठेवले होते. हवा होता फक्त आजींचा होकार. लेकीने विचारलं, जावयाने विचारलं, शेवटी नातवाकडूनही विचारून झालं. आजी प्रत्येकाला म्हणायच्या, "बघू." व्हिजिटची मुदत संपायला एक आठवडा उरला तेव्हा ताईंच्या डोक्यात आलं की आईला इमारती दाखवल्या हेच चुकलं. गावाकडचं माणूस, त्याला डोंगर दाखवावा, हिरवळ दाखवावी. म्हणून त्यांनी अल ऐनकडच्या एका दिवसाच्या सहलीची दोन तिकिटं काढली. गाडी, गाइड, डोंगर, बाग, सगळं त्यातच. दुसरं तिकीट माझं. निघताना ताई हळूच म्हणाल्या, "दादा, तिचं मन बघून विचार. तुझ्याशी ती बोलते." डोंगर हलवायला सांगितला असता तर मला सोपं गेलं असतं.

आणि त्या दिवशी नेमकी संकष्टी. आजींचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी हाणून पाळायचा उपास नव्हे. "तसा उपास करायला हाटेलात जावं मान्सानं," असं त्यांचं मत. सकाळी दूध, दुपारी एक केळं, मग चंद्र बघून मोदक. ताईंनी गावाहून आलेल्या कॅलेंडरात चंद्रोदय बघितला, तो नऊच्या सुमाराचा. भारताहून आपण दीड तास मागे, म्हणून त्यांनी दीड तास वजा केला आणि साडेसात ठरवले. सहल सातला बागेतून निघणार होती. "अर्धा तास थांबतील, मी बोललेय," ताई म्हणाल्या. तळणीच्या मोदकांचा डबा फडक्यात बांधून आजींच्या मांडीवर आला आणि दिवसभर तिथून हलला नाही. बसमधल्या प्रत्येकाला त्याचा वास येत होता आणि प्रत्येक जण खिडकीबाहेर बघितल्यासारखं करत डब्याकडे बघत होता.

गाइड केरळचा, उत्साही पोरगा. हातात माइक असल्यामुळे आजींनी त्याला मास्तर करून टाकलं. तो माहिती सांगायचा आणि मधेच प्रश्न विचारायचा. हातात काहीही धरून समोर उभा राहिलेला माणूस प्रश्न विचारू लागला की मला अजून आठवीचा वर्ग आठवतो. मी मान खाली घालून पाण्याच्या बाटलीवरची अक्षरं वाचत बसलो. आजींना असला काही त्रास नव्हता. बस वळणावळणाने जबल हफीतचा डोंगर चढू लागली, दोन्ही बाजूंना भाजक्या विटांसारखे उघडे कडे, गवताची काडी नाही. मास्तर म्हणाला, "देखिए, अम्मा, कैसा लगा?" आजी म्हणाल्या, "आमच्या मानदेशात असलं लई पडल्यात. ह्येच बघायला इमानात बसले व्हय मी?" मी भाषांतर केलं, "बहुत अच्छा लगा बोल रही हैं." मास्तर खूश झाला. त्याने सांगितलं की कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, अजून दगडांत शिंपले सापडतात. आजींनी विचार केला. "मग गेला कुठं समुद्र? त्याचाबी व्हिसा संपला व्हय?" हे मात्र मास्तरला मराठी न कळताही कळलं, कारण 'व्हिसा' हा शब्द या देशात कुठल्याही भाषेत ऐकला तरी माणूस दचकतो.

डोंगराच्या पायथ्याशी दगड रचून केलेली गोल थडगी आहेत, हजारो वर्षांपूर्वीची. सगळ्यांनी फोटो काढले. आजी एका थडग्याच्या बुटक्या दारापुढे वाकून आत बघत राहिल्या. "मेल्यावर हितं ऱ्हायली ही मानसं," त्या म्हणाल्या, "पर जित्तेपनी कुठं ऱ्हात हुती?" मास्तरला विचारलं. तो म्हणाला, तसं नक्की सांगता येत नाही, घरं फारशी सापडली नाहीत, थडगीच सापडली. आजी सावकाश सरळ झाल्या आणि पदर नीट केला. "म्हंजी पुरायलाच आनलं हुतं म्हन की." माझ्या खिशात ताईंचा फोन थरथरत होता. उचलला. "काय म्हणतेय? खूश आहे ना?" मी म्हटलं, "हो ताई, इतिहास बघतोय."

बागेत मात्र आजी गप्प झाल्या, आणि त्या गप्प झाल्या की मला जास्त भीती वाटते. चहूकडे करडे कडे आणि मध्ये ही एवढी हिरवीगार लॉन, कुणी ओल्या साडीचा पदर वाळत टाकावा तशी. कडेने गरम झऱ्याचं पाणी पाटातून वाहत होतं. आजींनी गवताला हात लावून बघितला, मुळाशी पाण्याची काळी नळी सापडली, ती बोटांनी चाचपली. "रोज घालत्यात पानी?" "रोज." "आन् आमच्याकडं मान्सांला टँकर." एवढं म्हणून त्यांनी चपला काढल्या आणि पाटात पाय सोडले. शेजारी आमच्याच बसमधल्या, मागच्या सीटवरच्या एक बाई पाय सोडून बसल्या होत्या. रत्नागिरीकडच्या खाला, म्हणजे आपल्या भाषेत मावशी, मुलाकडे शारजाला राहणाऱ्या. मराठी ऐकताच त्यांनी आजींना सरकायला जागा केली आणि घटकाभरात दोघींनी गुडघे, सुना, जावई आणि इथल्या मिठाला चव नसणं हे सर्व विषय संपवून टाकले. मोदकांच्या डब्याची चौकशी झाली, चंद्राचं कळलं. खाला म्हणाल्या, "अगो बाई, मग मी पण बसते तुमच्यासंगती. चांदाची वाट बघायची आम्हाला सवय हाय."

साडेसात वाजले. बसमध्ये सगळे बसले होते. आम्ही, खाला आणि मास्तर बाहेर. आजी पूर्वेकडे तोंड करून उभ्या. खाला पश्चिमेकडे. बराच वेळ दोघी अशा पाठीला पाठ लावून आकाश शोधत होत्या. मग आजींच्या ध्यानात आलं. "अगं बये, तिकडं कुठं बघतीस?" "चांद हितनंच दिसतो की, सूर्य बुडाल्या जागेवर! ईदचा चांद साठ वर्षं बघतेय मी." "त्यो तुझा ईदचा. त्यो दिसतो न दिसतो तवर बुडतो. माझा गनपतीचा, त्यो उगवतोय." "चांद काय दोन हायत?" खाला हटेनात. वाद मास्तरकडे गेला. माइक नसल्यामुळे असेल, त्याने मत द्यायचं टाळलं. शेवटी दोघींनी दोन्हीकडे लक्ष ठेवायचं ठरवलं, आणि चंद्र दोन्हीकडे आला नाही. आठ वाजत आले. बसमधून कुणीतरी "खलास, यार" म्हणालं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी आजींच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सकाळपासून दूध आणि एक केळं पोटात, साखरेचा त्रास, आणि ताईंनी दिलेली गोळी माझ्या खिशात. म्हटलं, "आजी, एक मोदक खा. देव समजून घेईल." त्या माझ्याकडे वळल्या. "सकाळचा सूर्य तुमच्यात पाचला उगवतो व्हय?" "नाही, साडेसहाला." "आमच्यातबी सकाळी तवाच उगवतो. मग चंद्रच कसा दीड तास आधी येईल रं? त्योबी नवालाच येनार. माझ्या लेकीनं चंद्राचं घड्याळ फिरवलं!" आणि त्या हसायला लागल्या. तीन महिन्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. खालाही हसल्या, मग मास्तर, काही न कळता.

नऊला बस वाळवंटातल्या एका पेट्रोल पंपावर थांबली. थांबवली मास्तरनेच. मागच्या बाजूला, वाळूच्या टेकाडाच्या वर, तांबडा लाल, किंचित चेपलेला चंद्र आला. आजींनी पाण्याची बाटली उजेडात न धरताच उघडली, पाणी सोडलं, हात जोडले. मग डबा फिरला. मोदक ड्रायव्हरला गेला, मास्तरला गेला, खालांनी दोन घेतले, आणि सकाळपासून खिडकीबाहेर बघणाऱ्या सगळ्यांनी खिडकीबाहेर बघणं बंद केलं.

बस सुरू झाली तेव्हा आजी म्हणाल्या, "काय रं, तुला लेकीनं माझ्यामागं लावलंय न्हवं? इचारायला?" मी म्हटलं, "आजी, ताईंचा जीव थाऱ्यावर नाही. तुम्ही पडलात तेव्हा ताई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. इथे काय कमी आहे?" "कमी काय बी न्हाई. जावय देवमानूस हाय. लेकीचा सोन्यासारखा संसार हाय. पर सकाळी उठून मी काय करू, त्ये सांग. तिकडं दार उघडायला उशीर झाला तर आळीतनं चौघीजनी हाका मारत येत्यात. हितं दार उघडलं की फुडं लिफ्ट." मग त्यांनी विचारलं, "तू कशापायी ऱ्हायलास हितं?" "पोटासाठी, आजी." "मग माझं तिकडं भरतंय की रं."

तेरा वर्षं इथे काढलेल्या माणसाकडे या प्रश्नाचं एवढंच एक उत्तर असतं, आणि तेच त्यांनी माझ्याकडून काढून घेऊन माझ्यासमोर ठेवलं होतं. मी मनात ताईंसाठी वाक्यं जुळवू लागलो. सरळ नाही म्हणावं, की थोडं फिरवून सांगावं, की अजून विचार करतायत म्हणून एक दिवस काढावा. दिवसभर दोन्हीकडची भाषांतरं गोड करून देणारा मी. पण हे वाक्य कुठूनही गोड होईना. तोवर आजींचं डोकं माझ्या खांद्यावर कललं होतं. वजन काहीच नव्हतं. दिवसभर जगाला धारेवर धरणारी ही बाई एवढीशी असेल असं मला वाटलं नव्हतं.

बिल्डिंगखाली ताई उभ्याच होत्या. बस थांबल्याबरोबर त्या वर चढल्या, सीटजवळ आल्या आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. माझी जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली. ताईंनी झोपलेल्या आईकडे बघितलं. डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले.

"जेवली का?" त्यांनी हळूच विचारलं.

"जेवल्या. तीन मोदक."

"मग बास," त्या म्हणाल्या. आणि खाली वाकून सीटखालच्या चपला शोधून त्यांनी एकेक करून आईच्या पायात घातल्या, ती जागी होणार नाही अशा बेताने.