टाकीत काय घातलंस?

आत्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर होता: एक फिनाईल आणि दुसरं स्वतःचं नाक. उभी हयात त्यांनी दवाखान्यातले वॉर्ड पुसण्यात घालवली होती, त्यामुळे ज्याला वास नाही ते स्वच्छ असूच शकत नाही, असं त्यांचं पक्कं मत. बिल्डिंगमधली पोरं त्यांना 'पोलीस आत्या' म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना त्यात काही गैरही वाटत नव्हतं. दूध आलं की हुंगायचं, धुऊन आलेली चादर हुंगायची, शेजारीण आपणहून गोड बोलली तर दार लावून घ्यायचं आणि हिला काय हवं असेल याचा विचार करत बसायचं. आता अशा बाईला कुणी सुखी म्हणणार नाही, पण फसवणंही कुणाला जमलं नाही, हेही खरं.

भाच्याला त्यांनीच लहानाचं मोठं केलं होतं. आता त्या त्याच्याच घरी राहत. घरात तो, सूनबाई, आणि नुकतीच रांगायला लागलेली नात. ती एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरीची छाती नाजूक होती. जरा काही झालं की श्वासाबरोबर शिट्टी वाजायची. डॉक्टरांनी बजावलं, घरात उग्र वास नको, फिनाईल तर मुळीच नको. झालं! दुसऱ्याच दिवशी बाटल्या घराबाहेर गेल्या आणि वाफेनं फरशी पुसायचं यंत्र घरात आलं. आत्यांना वाटलं, बाटल्यांमागोमाग आता आपला नंबर.

ही शंका अगदीच हवेतली नव्हती. सूनबाईची रजा संपत आली होती. ती कामावर गेली की भिंगरीला आत्यांनी सांभाळायचं, असं पूर्वीच ठरलेलं. पण हल्ली ती फोनवर पाळणाघरांची चौकशी करायची आणि आत्या दिसल्या की आवाज खाली आणायची. त्या पोरीशिवाय दुपार कशी काढायची, हे त्यांना सुचत नव्हतं.

त्यात ते यंत्र. "यात साबण कुठं घालायचा?" आत्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"साबण नाही, आत्या. टाकीत नुसतं पाणी. वाफेनंच जंतू मरतात."

"नुसत्या पाण्यानं मेले असते तर आम्ही जन्मभर काय झक मारली? निदान लिंबू तरी पिळ."

"काहीच नाही पिळायचं. आणि नळाचंही नाही चालत. आपलं पाणी खारं आहे, आतली नळी तुंबते." असं म्हणून सूनबाईनं सिंकखालून एक पांढरा कॅन काढला. त्यावर बॅटरीचं चित्र होतं.

आत्यांच्या अंगावर काटा आला. त्यांचा भाऊ, म्हणजे भाच्याचा बाप, गॅरेजात कामाला होता. बॅटरीत जे घालतात ते एकदा त्याच्या मांडीवर सांडलं, तर पँटची चाळण झाली आणि कातडी सोलून निघाली. मलम आत्यांनीच लावलं होतं. आणि इथे ही बया तेच तापवून, त्याची वाफ करून, पोर जिथं तोंड टेकवते त्या फरशीवर सोडणार!

दुसरी कुणी असती तर तिथेच बोलली असती. पण आत्यांचा हिशेब वेगळा होता. बोललो तर म्हणेल, म्हातारीला माझं काही पटत नाही. की लगेच पाळणाघर. तेव्हा तोंडाला कुलूप आणि हाताला काम. दुपारी मायलेकी झोपल्या की आत्यांनी कॅन मोरीत उलटा केला. ना फेस आला ना वास. आत्यांचा संशय आणखी वाढला. मुरलेला चोर असाच साळसूद दिसतो. मग नळाचं पाणी खळखळून उकळलं, फडक्यातून गाळलं, गार केलं आणि कॅनमध्ये भरलं. नवा कॅन आला, उघडला, की आत्यांची ही भट्टी पुन्हा लागायची. उकळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, हे दवाखान्यानं शिकवलं होतं. उकळून जंतू मरतात, खार मरत नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं.

व्हायचं तेच झालं. यंत्र आधी खोकलं, मग त्याच्या तोंडातून पांढरा चुरा गळायला लागला, आणि एके सकाळी ते ठप्प झालं. नेमकी त्याच सकाळी भिंगरीची छातीही वाजत होती. सूनबाईनं टाकीचं झाकण काढलं, आत पांढरं काहीतरी दिसलं, मग तिनं आत्यांकडे बघितलं.

"आत्या, खरं सांगा. टाकीत फिनाईल घातलंत ना?"

"मी? पोरीची शप्पथ, थेंब नाही!" आत्या म्हणाल्या. शप्पथ खरी होती, पण मन खात होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. सूनबाईनं जे दिसलं तेच धरलं.

दुरुस्तीवाला आला. त्यानं पेचकसानं यंत्र खोललं आणि कागदावर ठोकलं, तर पांढऱ्या खपल्यांचा ढीग. "फिनाईल-बिनाईल काही नाही ताई. खाऱ्या पाण्याचा थर आहे हा. नळाचं घालता काय?"

"छे! मी तर विकतचंच घालते."

"मग दुकानदारानं टोपी घातली तुम्हाला."

सूनबाई दुकानदाराला फोन लावायला निघाली. आता मात्र आत्यांना राहवेना. कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटणार, तेही आपल्यापायी. "त्याला नको बोलूस. पाणी मी बदलत होते. तू पोरीच्या छातीत ॲसिड भरत होतीस, मी गप्प कशी बसू?"

"ॲसिड?" सूनबाईचा आवाज चढला. "अहो, बॅटरीत वरून घालायचं, वाफ थंड करून केलेलं पाणी असतं ते! निव्वळ पाणी! मी आई आहे तिची, मला एवढं कळत नाही?"

"निव्वळ पाणी आहे तर पिऊन दाखव."

बोलून गेल्या खऱ्या. पण सूनबाई इरेला पेटली होती. तिनं सिंकखालचा नवा कॅन ओढला, सील तोडलं, पेला भरला आणि ओठांना लावायला उचलला.

आत्यांनी झडप घातली. पेला हिसकावला, निम्मा साडीवर सांडला, आणि उरलेला त्या डोळे मिटून घटाघटा पिऊन मोकळ्या झाल्या.

"आत्या! हे काय केलंत?"

"तुला काही झालं म्हणजे?" आत्यांना धाप लागली होती. "आईवेगळं पोर कसं रडतं ते मी ऐकलंय. तुझा नवराच होता तो. माझ्यामागं रडणारं कोण आहे?"

दुरुस्तीवाल्यानं घसा खाकरला. "पिण्यासाठी नसतं आजी ते. पण घोटभरानं काही होत नाही."

"तू गप रे. तुला विकणाऱ्यानंच सांगितलं असेल," असं म्हणून आत्या भिंतीला टेकून खाली बसल्या, पोटावर हात ठेवून, काय होतंय त्याची वाट बघत. ओली साडी कुठे विरली का, तेही त्यांनी एकदा चाचपून पाहिलं.

सूनबाई त्यांच्यासमोर फरशीवर बसली. तिचे डोळे भरून आले होते. "तुम्हाला खरंच ते ॲसिड वाटलं होतं?"

"अजूनही वाटतंय," आत्या म्हणाल्या.

सूनबाईनं रांगत आलेल्या भिंगरीला उचललं आणि आत्यांच्या मांडीवर ठेवलं. "सोमवारपासून मी कामावर जाणार. हिला तुमच्यापाशीच ठेवून जाईन. सांभाळाल ना?"

आत्यांनी पोरीला घट्ट धरलं.

"संध्याकाळपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "जगले-वाचले तर सांभाळीन."